व्लादिवोस्तोक नकाशात इतकं खाली आहे, मग तिथे थंडी कमीच ना?

फलटणच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी एमबीबीएसला रशियात चालली आहे. काझान, इर्कुत्स्क आणि व्लादिवोस्तोक या तिन्हींपैकी एक शहर निवडायचंय. घरातला शाळेचा जुना ॲटलास काढून पाहिला तर व्लादिवोस्तोक तिघांत सगळ्यात खाली, शिवाय अगदी समुद्राला लागून. ‘म्हणजे आपल्या रत्नागिरीसारखं हवामान असणार. तिथलीच थंडी पोरीला सोसवेल, बरोबर ना? का सगळा रशिया सारखाच गारठलेला, कुठेही गेलं तरी तेच?’

ताई, आजकाल लोक मोबाइलवर तापमान बघून मोकळे होतात. तुम्ही ॲटलास काढलात याचं एका निवृत्त भूगोल शिक्षकाला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण उत्तर ‘नाही’ असं आहे, दोन्ही प्रश्नांचं. सगळा रशिया सारखा थंड नाही आणि व्लादिवोस्तोक म्हणजे रत्नागिरी तर मुळीच नाही. जानेवारीची सरासरी सांगतो. काझान उणे १० ते ११ अंश, व्लादिवोस्तोक उणे १२, इर्कुत्स्क उणे १८. तिघांत सगळ्यात वर दिसणारं काझान आकड्यात सगळ्यात सौम्य निघालं.

आता याहून मजेशीर जोडी घ्या. मुर्मान्स्क नावाचं बंदर पार ६९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे. व्लादिवोस्तोक ४३ अंशांवर. मधे २६ अक्षांश, म्हणजे जवळजवळ २,९०० किलोमीटर. आपल्या कन्याकुमारीपासून लडाखच्या टोकापर्यंत जवळपास एवढंच अंतर आहे. तरी दोन्हीकडची जानेवारीची सरासरी दोन-एक अंशांच्या फरकाने सारखीच. उलट याकुत्स्क आणि पेत्रोझावोद्स्क ही दोन शहरं एकाच, ६२ अंशांच्या रेषेवर आहेत. पश्चिमेकडच्या पेत्रोझावोद्स्कला जानेवारीत उणे ९, पूर्वेकडच्या याकुत्स्कला उणे ३७-३८.

तुमचा तर्क चुकलेला नाही, नकाशा वाचायची दिशा तेवढी चुकली. आपण वरून खाली वाचतो, कारण लहानपणापासून ‘विषुववृत्ताकडे गरम, ध्रुवाकडे थंड’ हे घोकलेलं असतं. रशियाचा हिवाळा डावीकडून उजवीकडे वाचायचा. जसजसं पूर्वेला याकुत्स्ककडे जाल तसतशी थंडी वाढते.

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी एक खेळ करायचो. रशियाचा कोरा आराखडा आणि तीसेक शहरांचे जानेवारीचे आकडे द्यायचो आणि सांगायचो, समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या) काढा. पोरं पट्टी घेऊन आडव्या रेषा ओढायला सुरुवात करायची. दहा मिनिटांत खोडरबरांचा आवाज सुरू. उणे १० ची रेषा मुर्मान्स्कपासून निघून खाली खाली उतरत जाते, उणे २० ची तशीच, आणि मग याकुतियाभोवती, म्हणजे याकुत्स्कच्या प्रदेशाभोवती, रेषांची वेटोळी पडतात, कांद्याच्या चकतीसारखी. एकदा एका मुलाने तीनदा खोडून कागद फाडला आणि म्हणाला, “सर, तुम्ही आकडेच चुकीचे दिलेत.” मी म्हटलं, फाडलेला कागद जपून ठेव, भूगोल आज समजला तुला.

असं का होतं, त्याचं मूळ कारण तुम्हाला शाळेपासून माहीत आहे: सम हवामान आणि विषम हवामान. रत्नागिरी सम, नागपूर विषम. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि आजूबाजूच्या हवेलाही तशीच सवय लावतो. नागपूर समुद्रापासून लांब, म्हणून मे महिन्यात भाजून निघतं आणि डिसेंबर-जानेवारीत कुडकुडतं. आता हेच नागपूर समुद्रापासून हजारो किलोमीटर आत आणि चाळीस अक्षांश वर नेऊन ठेवा. झाला सायबेरिया.

पण मग समुद्र रशियाला नाहीत का? आहेत की, आणि किनाराही प्रचंड लांब. गोम अशी आहे की त्यांतला उपयोगाचा समुद्र एकच, आणि तोही रशियाच्या मालकीचा नाही: अटलांटिक. या अक्षांशांवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. अटलांटिकचा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढतो, त्याचा एक फाटा मुर्मान्स्कपर्यंत पोचतो, म्हणून ते बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते शहर वसवलं गेलं ते याच कारणासाठी. तीच अटलांटिकची ऊब पश्चिमी वारे आत घेऊन येतात, पण जसजसं अंतर वाढतं तशी ती वाटेत संपत जाते. मॉस्कोला बरीच उरते, काझानला थोडी, उरल ओलांडल्यावर नावापुरती.

उत्तरेचा आर्क्टिक महासागर हिवाळ्यात गोठून पडतो. गोठलेला समुद्र जमिनीसारखाच वागतो, ऊब द्यायचा प्रश्नच नाही. पूर्वेला पॅसिफिक आहे, पण वारे जमिनीवरून त्याच्याकडे जातात, त्याच्याकडून जमिनीवर येत नाहीत. तुमच्या अंगणात विहीर आहे, पण रहाट शेजाऱ्याच्या बाजूला, अशातली गत.

आणि दक्षिणेला भिंत. कॉकेशस, पामीर, तिएन शान, अल्ताई, सायान अशी डोंगरांची रांगच्या रांग, त्यामागे आणखी आपला हिमालय. हिंदी महासागराचं बाष्प तिथवर पोचतच नाही. उत्तरेचं दार मात्र सताड उघडं आहे. आडवा डोंगर एकही नाही, त्यामुळे ध्रुवाकडची हवा थेट खालपर्यंत उतरते. आपल्या चौथीच्या पुस्तकात एक वाक्य असायचं: ‘हिमालय सायबेरियातून येणारे थंड वारे अडवतो.’ ते आपण तीन गुणांसाठी पाठ केलं. त्याच वाक्याची पलीकडची बाजू म्हणजे रशिया. अडवलेली थंडी त्यांच्या अंगणात राहते. (जाता जाता: निफाडला पारा खाली गेला की ‘सायबेरियाची लाट’ असं काही जण म्हणतात. ती सायबेरियातून आलेली नसते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले की त्यांच्यामागून वायव्येचे कोरडे वारे आपल्याकडे उतरतात, त्यांचा तो प्रताप.)

आकाराबद्दल एक सांगायचं राहिलं. ॲटलासमधल्या जगाच्या नकाशात रशिया आफ्रिकेएवढा किंवा त्याहून मोठा दिसत असेल तर फसू नका. तो नकाशाच्या पद्धतीचा दोष आहे. ध्रुवाजवळचे देश त्यात ताणले जातात. आफ्रिका ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, रशिया १ कोटी ७१ लाख. पृथ्वीच्या गोलावर दोरा ठेवून बघा, लगेच कळतं. तरीही भारताच्या पाचपट, आणि दोन टोकांच्या घड्याळांत दहा तासांचा फरक. एकटं याकुतिया प्रजासत्ताक, ज्याला ते लोक साखा म्हणतात, सुमारे ३०.८ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्र ३.०८ लाख. मोजून दहा महाराष्ट्र! आणि त्या दहा महाराष्ट्रांत माणसं किती? दहा लाखांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मोठ्या महापालिकेच्या हद्दीत याहून जास्त असतात.

मी नोकरीतून मोकळा झाल्यावर एकदा जूनमध्ये मॉस्कोहून रेल्वेने पूर्वेला गेलो. पूर्ण नाही, इर्कुत्स्कपर्यंत. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा मार्ग ९,२८९ किलोमीटरचा आहे, सलग बसलात तर आठवडा जवळपास गाडीतच जातो. माझी मुख्य उत्सुकता उरल पर्वताची. तीस वर्षं फळ्यावर युरोप आणि आशिया यांच्यामधली ती रेघ काढली होती, मनात सह्याद्रीसारखं काहीतरी उभं होतं. कसारा घाटासारखा घाट लागेल, इंजिन धापा टाकेल, असं वाटलेलं. प्रत्यक्षात रुळांच्या कडेला १,७७७ व्या किलोमीटरवर एक पांढरा स्तंभ आला आणि गेला. माझ्या डब्यातल्या आजीबाईंनी बोट दाखवलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता. झाडीने भरलेल्या टेकड्या, बस. उरल फार जुना आहे, झिजून झिजून बुटका झालेला. त्याचं सर्वोच्च शिखर १,९०० मीटरच्या आतच, आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरच उंच. असा डोंगर वाऱ्याला काय अडवणार?

उरल संपला की पश्चिम सायबेरियाचं मैदान सुरू होतं. सपाटी किती असावी? येकातेरिनबर्गहून नोवोसिबिर्स्कपर्यंत दीड हजार किलोमीटर, आणि खिडकीत तेच चित्र: गवत, पाणथळ, बर्चची पांढरी खोडं, पुन्हा गवत. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राचंच भावंड. पहिले दोन तास मी मुग्ध होऊन बघितलं, मग झोपलो, उठलो, तेच. नोवोसिबिर्स्कला ओब नदी समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर वाहते आणि तिथून समुद्र अजून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर! आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला हजारभर मीटरवर उगम पावते आणि याच्या निम्म्या अंतरात समुद्राला मिळते. इतक्या सपाटीवर पाण्याने जायचं कुठे? ते साचतं. म्हणून तिथे वास्युगान नावाची दलदल आहे, ५३ हजार चौरस किलोमीटरची, केरळ राज्यापेक्षा मोठी.

आणि या नद्या वाहतात उत्तरेला. ओब, येनिसेई, लेना, तिन्ही आर्क्टिकला मिळतात. यातली अडचण क्षणभर थांबून डोळ्यांसमोर आणा. वसंतात बर्फ आधी कुठे वितळणार? दक्षिणेला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. पाणी सुटतं, खाली धावतं, आणि खालची नदी अजून गोठलेलीच. मग बर्फाचे मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढून धरण बांधतात आणि मागे पूर येतो. मे २००१ मध्ये लेनेकाठचं लेन्स्क शहर असंच बुडालं. बर्फाचा तो बांध फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले होते. पावसाचा थेंब न पडता आलेला महापूर ही गोष्ट कोयना-कृष्णेच्या काठच्या माणसाला पटायला वेळ लागते.

आता इर्कुत्स्ककडे येऊ, कारण तिथूनच खरा सायबेरियन हिवाळा समजतो. हिवाळ्यात मंगोलियापासून याकुतियापर्यंतच्या प्रदेशावर थंड, जड हवेचा एक ढीग साचून बसतो. याला सायबेरियाचा उच्च दाब म्हणतात. समुद्रसपाटीला सरासरी दाब साधारण १०१३ मिलिबार असतो. ३१ डिसेंबर १९६८ रोजी सायबेरियातल्या अगाता या ठिकाणी १०८३.८ मिलिबार नोंदला गेला. या ढिगाखाली आभाळ निरभ्र, वारा जवळजवळ बंद. लांबच लांब रात्री, ढगांचं पांघरूण नाही, जमिनीतली उरलीसुरली ऊब थेट वर निघून जाते. जमिनीलगतची हवा आणखी जड होते, दरीत उतरते आणि तिथेच बसून राहते. म्हणून तिथे एक उलटी गोष्ट दिसते: डोंगरावर चढलं तर थंडी कमी होते, खाली दरीत उतरलं तर वाढते. ओयम्याकोन हे गाव अशाच बशीसारख्या दरीत आहे. ६ फेब्रुवारी १९३३ रोजी तिथे उणे ६७.७ अंश नोंदले गेले.

मी नंतर पुन्हा एकदा, मार्चच्या सुरुवातीला, इर्कुत्स्कला गेलो, खास बैकाल गोठलेलं बघायला. सकाळी उणे २४ होतं. हॉटेलच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ झाले, आत कोणी बारीक टाचण्या खोवल्यासारखे. पाच मिनिटांत मिशीवर पांढरं दंव. चष्म्याची धातूची काडी कानशिलाला टेकली तिथे भाजल्यासारखं झालं. फोनची बॅटरी ६० टक्क्यांवरून थेट बंद. पण गंमत सांगू? ऊन होतं, वारा नव्हता, आणि नीट कपडे घातल्यावर मी तासभर फिरलो. पुण्यात डिसेंबरात पहाटे स्कूटरवर जास्त वाजते, असं मी घरी फोन करून सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना.

बैकालचं बर्फ मार्चमध्ये मीटरभर जाड असतं. आमच्या गाडीवानाने ड्रिलने भोक पाडून दाखवलं. पातं आत आत जात राहिलं आणि पाणी लागेचना. बर्फ इतकं स्वच्छ की पायाखाली काळंभोर खोल पाणी दिसतं, त्यात अडकलेले पांढरे बुडबुडे नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक. आणि मधूनच तडकण्याचा आवाज, दूरवर सुरू होऊन आपल्या पायाखालून निघून जाणारा. मी घाबरून उभा राहिलो, तो हसला. आवाज येतोय तोवर चिंता नाही म्हणाला. या सरोवराची खोली १,६४२ मीटर आहे. म्हणजे आख्खा कळसूबाई पायथा समुद्रसपाटीला धरून आत ठेवला तर जेमतेम टोक दिसेल. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा इथे आहे. तीनशेहून जास्त नद्या-ओढे आत येतात, बाहेर एकटी अंगारा पडते. तीच इर्कुत्स्कमधून वाहते, आणि शहरात ती हिवाळ्यातही सहसा गोठत नाही. उणे २५ अंशांत नदीतून वाफा निघताना बघून कोणालाही वाटावं, खाली चूल पेटलीय.

याकुत्स्कला मी गेलेलो नाही, पण शिकवताना सगळ्यात जास्त वेळ मी तिथे घालवला आहे. तिथली जमीन आतून कायमची गोठलेली आहे. पर्माफ्रॉस्ट म्हणतात ते हेच. रशियाचा साठ ते पासष्ट टक्के भूभाग असा आहे. १८२८ मध्ये एका व्यापारी कंपनीतल्या शेर्गिन नावाच्या माणसाने याकुत्स्कला आपल्या आवारात विहीर खणायला घेतली. सरळ माणूस, पाणी हवं होतं. खणत गेला, खणत गेला, माती लोखंडासारखी कडक. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली, तरी तळाची जमीन गोठलेलीच! पाण्याचा टिपूस लागला नाही. पुढे १८४० च्या दशकात मिडेन्डॉर्फ नावाच्या संशोधकाने त्या विहिरीच्या भिंतींमध्ये वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि एका फसलेल्या विहिरीतून गोठलेल्या जमिनीचं शास्त्र सुरू झालं. शेर्गिनची विहीर आजही तिथे आहे.

अशा जमिनीवर घर बांधायचं तर घराची ऊब जमिनीला लागता कामा नये, नाहीतर खालचं बर्फ वितळून घर खचतं. म्हणून इमारती खांबांवर, जमिनीपासून उचललेल्या, खालून वारा खेळता. पाण्याचे, गॅसचे नळ उघड्यावर, रस्त्यावर कमानी करून गेलेले. आणि लेना नदीवर याकुत्स्कपाशी पूल नसताना शहराने कित्येक दशकं काढली: हिवाळ्यात बर्फावरून मोटारी, उन्हाळ्यात फेरीबोट, आणि अधल्यामधल्या आठवड्यांत हॉव्हरक्राफ्ट किंवा घरी बसणं.

यातली सगळ्यात नवलाची गोष्ट वेगळीच. याकुत्स्कला वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून पाणी पडतं ते साधारण २४० मिलिमीटर. तुमच्या माण-खटाव-फलटणच्या दुष्काळी पट्ट्यात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. हिशेबाने तिथे वाळवंट हवं. प्रत्यक्षात नजर पोचेल तिथवर जंगल. कारण उन्हाळ्यात जमिनीचा वरचा दीड-दोन मीटर थर वितळतो, खालचा गोठलेला राहतो आणि पाणी मुरूच देत नाही. शेततळ्याला आपण प्लास्टिकचा कागद अंथरतो, तसा कागद निसर्गाने तिथे हजारो किलोमीटर अंथरून ठेवला आहे. त्यावर लार्च उभा असतो. सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्यात पानं गाळणारं हे झाड, कारण त्या थंडीत सुया सांभाळणंसुद्धा परवडत नाही.

विषम हवामानाचा विषमपणा किती असावा, तर वेर्खोयान्स्क बघा. १८९२ च्या फेब्रुवारीत उणे ६७.८. आणि २० जून २०२० रोजी त्याच गावात अधिक ३८! जागतिक हवामान संघटनेने २०२१ मध्ये हा आकडा मान्य केला. एकाच गावाच्या नोंदवहीत १०५ अंशांचा फरक. हे ३८ अंश कौतुकाचे नाहीत. २०२१ मध्ये याकुतियात इतकी जंगलं पेटली की धूर उत्तर ध्रुवापर्यंत गेला. वेर्खोयान्स्कच्या शेजारी बातागाय गावाजवळ १९६० च्या दशकात जंगल तोडलं तिथे उघडी पडलेली जमीन वितळून खचत चालली आहे. तो खड्डा आता किलोमीटरभर लांब झाला आहे.

आपल्याशी खरा रक्ताचा संबंध असलेला एक भाग आहे, तो कोणी सांगत नाही. उत्तर सायबेरियात नोरिल्स्क शहराजवळ पुतोराना नावाचं पठार आहे. फोटो काढून बघा. पायऱ्यापायऱ्यांचे काळे कडे, सपाट माथे, कड्यांवरून कोसळणारे धबधबे. झाडं बदलली तर हरिश्चंद्रगडाचा परिसर म्हणून खपेल. दोन्हीकडे बेसॉल्ट, दोन्हीकडे लाव्हाचे थरावर थर. आपलं दख्खन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं, त्यांचं सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचं, आणि त्या वेळच्या उद्रेकांशी पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या जीवसंहाराचा संबंध जोडला जातो. पण एक गल्लत टाळा. दक्षिण रशियातली काळी माती, चेर्नोझेम, ही आपल्यासारखी लाव्हापासून झालेली नाही. पेपर तपासताना हे वाक्य मी शेकडो वेळा खोडलं आहे. ती गवताळ प्रदेशातल्या मुळांच्या कुजण्यातून हजारो वर्षांत तयार झाली. दोकुचायेव या रशियन शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि आधुनिक मृदाशास्त्राचा पाया तिथे पडला. रंग सारखा, कूळ वेगळं.

आता तुमचं व्लादिवोस्तोक. सायबेरियावर साचलेला तो थंड हवेचा ढीग कुठेतरी ओसंडणार ना? तो पूर्वेला, समुद्राकडे ओसंडतो, आणि वाटेत व्लादिवोस्तोक आहे. म्हणजे शहर समुद्राकाठी, पण हिवाळ्यात वारा सतत जमिनीकडून येणारा, वायव्येचा, कोरडा आणि झोंबरा. किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाहही थंडच. शेजारच्या अमूर उपसागरावर लोक बर्फात भोकं पाडून मासे धरत बसतात. त्याच अक्षांशावर काळ्या समुद्राकाठी सोची आहे, जिथे २०१४ ची हिवाळी ऑलिम्पिक झाली. तिथे जानेवारीत अधिक ६ अंश असतात आणि रस्त्याकडेला ताडासारखी पामची झाडं, कारण पाठीशी कॉकेशसची भिंत. अठरा अंशांचा फरक पडतो तो असा. वाऱ्याचा हिशेबही करा. उणे १२ मध्ये ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे २२ सारखं लागतं. इर्कुत्स्कचे शांत उणे १८ त्यापेक्षा सुसह्य, हे तिथे राहिलेले विद्यार्थीही सांगतात.

उन्हाळ्यात मात्र वारा फिरतो आणि समुद्राकडून येतो. होय, मान्सूनच. तिथे वर्षाचा बहुतेक पाऊस उन्हाळ्यात आणि सप्टेंबरपर्यंत पडतो, जूनमध्ये दिवसेंदिवस धुकं, ऑगस्टमध्ये दमट उकाडा. तेवढे तीन महिने तुमची रत्नागिरी थोडीफार खरी ठरेल. जंगलही तैगासारखं, म्हणजे सायबेरियाच्या सूचिपर्णी अरण्यासारखं, एकसुरी नाही. वेली, रुंद पानांची झाडं, आणि त्यात वाघ, आपल्या ताडोबातल्या वाघाचाच थंडीतला भाऊबंद.

मुलीसाठी सांगायचं तर महाविद्यालयाची मान्यता, भाषा, खर्च हे आधी तपासा. ते माझं क्षेत्र नाही. बाकी सगळं सारखं असेल तर पहिल्या हिवाळ्यासाठी मी काझान म्हणेन. दिवस मात्र तिथे लहान: डिसेंबरच्या अखेरीस सातेक तास उजेड. व्लादिवोस्तोकला नऊ तास मिळतात आणि स्वच्छ ऊन. आकाश करडं राहिलं की काही मुलांना उदास वाटतं, हा मुद्दा थर्मामीटरपेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो. काझानला बर्फ भरपूर, नोव्हेंबरपासून जवळपास एप्रिलपर्यंत. व्लादिवोस्तोकला हिवाळा कोरडा, बर्फ कमी. थंडी जास्त म्हणजे बर्फ जास्त, हा गैरसमज आहे. अति थंड हवेत बाष्पच नसतं.

जाड कपडे इथून ढिगाने देऊ नका. खोल्यांमध्ये शहराच्या मध्यवर्ती व्यवस्थेने गरम पाण्याचे नळ फिरवलेले असतात, आत पोरं टी-शर्टवर असतात. दिवसाची सरासरी सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली गेली की ही ऊब सुरू होते. त्याआधीचा ऑक्टोबरचा आठवडा-पंधरवडा हाच खोलीतला सगळ्यात थंड काळ, तेवढ्यासाठी एक चांगली गोधडी द्या. बूट तिथेच घ्यायला सांगा, इथले तळवे बर्फावर घसरतात. मार्चमध्ये छपरांवरून बर्फाचे सुळे पडतात, फुटपाथवर दोरी बांधलेली असेल तिथून जायचं नाही म्हणजे नाही. आणि बर्फ वितळल्यावर, तसंच शरदातल्या पावसात, चिखलाचा जो मोसम येतो त्याला त्यांच्याकडे वेगळं नावच आहे, रास्पुतित्सा. १८१२ मध्ये नेपोलियनच्या आणि १९४१ मध्ये जर्मनांच्या गाड्या रुतल्या तो हाच चिखल. काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी काढलेल्या घरातली मुलगी असेल तर तिला त्याचं काही वाटणार नाही.

राहिली फोनची गोष्ट, कारण ती तुम्ही विचारली नाहीत पण रोज लागणार आहे. व्लादिवोस्तोक आपल्या साडेचार तास पुढे, इर्कुत्स्क अडीच तास पुढे, काझान अडीच तास मागे. ती व्लादिवोस्तोकला असेल तर रात्री दहाला झोपण्याआधी फोन करेल तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ. काझानला असेल तर तिचे रात्रीचे दहा म्हणजे तुमचे साडेबारा. थंडी तिची थोडी कमी होईल, जागरण तुमचं वाढेल.